फेक पायापासून सुरू होते



मागच्या भागात आपण गटाच्या कर्जवहीत परतफेड कशी लिहायची ते पाहिलं. आजचा विषय अगदी वेगळा आहे. आज आपण चेंडू फेकण्याविषयी बोलणार आहोत. हसू नका. हा विषय गटाच्या बैठकीतूनच आला आहे.

झालं असं, की हप्ते गोळा झाले, वही मिटली, बायका उठल्या, पण एक ताई बसून राहिल्या. त्यांची मुलगी आठवीत आहे आणि शाळेच्या बेसबॉलच्या संघात खेळते. महिनाभर तिच्या उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला दुखत होतं. आजीनं बाम चोळून दिला, कापड बांधलं. मुलगी दुसऱ्या दिवशी परत मैदानावर. शेवटी तिला दप्तर उचलताना कळ यायला लागली. वडील म्हणाले, "बास झालं. पोरीच्या हाडात तेवढा जोर नसतो. नाव काढून टाका."

ताई मला म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात. तुम्ही सांगा. खेळ बंद केला तर पोर रडते, आणि चालू ठेवला अन् हात अधू झाला तर जन्माचं बोलणं माझ्यावर."

मी बी.ए. झाले, पण बेसबॉलचा चेंडू कधी हातात धरलेला नव्हता. म्हणून मी उत्तर दिलं नाही. त्यांच्याबरोबर मैदानावर गेले, खेळाच्या सरांशी बोलले, मुलीला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा सोबत गेले, आणि मिळेल ते वाचलं. त्यातून जे समजलं ते आज सांगते. तुमची मुलगी बेसबॉल खेळत नसेल, सॉफ्टबॉल किंवा क्रिकेट खेळत असेल, तरी यातलं बरंचसं तिच्या उपयोगाचं आहे.

हा खेळ आहे तरी काय

बेसबॉल हा अमेरिकेचा खेळ. आपल्याकडे शालेय क्रीडा स्पर्धांमध्ये तो आहे, आणि त्याची बहीण म्हणावी असा सॉफ्टबॉलही आहे. मैदानावर चौकोनात चार ठाणी असतात, त्यांना बेस म्हणतात. एक खेळाडू चेंडू टाकते, तिला पिचर म्हणतात. समोरची खेळाडू दांड्यानं तो मारते आणि पहिल्या बेसकडे धावत सुटते. ती तिथं पोहोचण्याआधी चेंडू तिथं पोहोचला, तर ती बाद. क्रिकेटमध्ये धावचीत करतात तसंच. म्हणजे या खेळात नुसता झेल घेऊन भागत नाही. अडवलेला चेंडू लांबवर, सरळ आणि जोरात फेकता आला पाहिजे. मोठ्यांच्या मैदानात एका बेसपासून दुसरा बेस ९० फुटांवर असतो, लहान मुलांच्या मैदानात ६० फुटांवर. चेंडूचं वजन साधारण १४५ ग्रॅम, म्हणजे मध्यम आकाराच्या कांद्याएवढं.

एवढासा चेंडू, त्यानं कोपर का दुखावं? कारण दुखणं चेंडूच्या वजनानं येत नाही. ते चुकीच्या फेकीनं येतं, आणि विश्रांती न देता पुन्हा पुन्हा फेकल्यानं येतं.

"पोरीसारखं फेकू नको"

मैदानावर मुलं एकमेकांना चिडवताना हे वाक्य सारखं कानावर येतं. त्या ताईंच्या घरी मी एक छोटी गंमत केली. मुलीच्या वडिलांना अंगणात उभं केलं, चेंडू दिला आणि म्हटलं, "आता डाव्या हातानं फेका." ते उजव्या हाताचे. त्यांनी फेकला तो चार पावलांवर पडला. कोपर खाली, पाऊल भलतंच, अंग समोर ताठ. पोरं खो खो हसली. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही तर पोरीसारखं फेकता."

आता विचार करा. त्यांच्या डाव्या हातात हाडं उजव्याइतकीच आहेत, आणि शेतात ते दोन्ही हातांनी ओझं उचलतात. मग डाव्या हातानं का जमलं नाही? कारण तो हात फेकायला शिकलेलाच नाही. मुलगे चार-पाच वर्षांचे असल्यापासून दगड मारतात, चिंचा पाडतात, क्रिकेट खेळतात. त्याच वयात आपल्या मुलींच्या कडेवर धाकटं भावंडं असतं. दहा वर्षांनी दोघांना शेजारी उभं केलं तर फरक दिसणारच.

वयात आल्यावर मुलांचे स्नायू वाढतात, त्यानं त्यांची फेक पुढं जाते, हेही खरं आहे. पण सगळा फरक तेवढ्यानं पडत नाही. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी मुलामुलींच्या फेकीचा अभ्यास झाला आहे. त्या समाजात मुलीही लहानपणापासून फेकतात. तिथंही मुलगे पुढे होते, पण मुलामुलींतला फरक अमेरिकेतल्या मुलामुलींपेक्षा कमी निघाला. जिथं मुली फेकतात, तिथं मुलींना फेकता येतं.

अमेरिकेतही हे सहज मान्य झालं नाही. दुसऱ्या महायुद्धात पुरुष खेळाडू सैन्यात गेले, तेव्हा १९४३ साली तिथं बायकांचे बेसबॉल संघ निघाले. त्यांना स्कर्ट घालून खेळावं लागे, आणि सुरुवातीला मोठा चेंडू देऊन तो खालून टाकायला लावत. बायकांना खांद्यावरून फेकणं झेपेल असं कुणाला वाटत नव्हतं. पण चेंडू हळूहळू लहान होत गेला, आणि १९४८ पासून याच बायका खांद्यावरून चेंडू टाकू लागल्या. हे संघ १९५४ पर्यंत चालले. लहान मुलांच्या 'लिटल लीग' स्पर्धेत मात्र मुलींना १९७४ पर्यंत जागा नव्हती, तीही कोर्टकचेरी झाल्यावर मिळाली. त्यानंतर चाळीस वर्षांनी, २०१४ च्या १५ ऑगस्टला, मोने डेव्हिस नावाच्या १३ वर्षांच्या मुलीनं त्या लीगच्या जागतिक स्पर्धेत मुलग्यांच्या संघाला एकही धाव करू दिली नाही. तिचा चेंडू ताशी ११० किलोमीटरच्या आसपास वेगानं जायचा. तेरा वर्षांची मुलगी, आपल्या आठवीतल्या मुलींच्याच वयाची.

आसूड कसा वाजतो

आता मूळ गोष्टीकडे येऊ. फेकीचा वेग येतो कुठून?

बैलगाडीवर आसूड ओढताना तुम्ही पाहिलं असेल. मूठ जाड असते, टोक बारीक असतं. हात जरासाच हलतो, पण ती हालचाल मुठीकडून टोकाकडे धावत जाते, वाढत जाते, आणि शेवटी टोक फटकन वाजतं. आपलं शरीर फेकताना त्या आसुडासारखं चालतं. पाय आणि कंबर ही मूठ. मग छाती, मग खांदा, मग कोपर, आणि मनगट-बोटं हे टोक. आधी मोठे, दणकट भाग हलतात, आणि त्यांचा वेग पुढच्या लहान भागाला मिळत जातो.

माणसाचा खांदा यासाठीच घडलेला आहे असं शास्त्रज्ञ सांगतात. हात मागं वळतो तेव्हा खांद्याभोवतीचे स्नायू आणि बंध रबरासारखे ताणले जातात आणि सुटताना हात पुढं भिरकावतात. चिंपांझी माणसापेक्षा अंगानं दणकट, पण त्याची फेक ताशी तीसेक किलोमीटरच्या वर जात नाही. बारा वर्षांचं सराव असलेलं मूल त्याच्या तिप्पट वेगानं फेकतं. तेव्हा ही ताकदीची मारामारी नाही. कोणता भाग कधी हलतो, त्या क्रमाला महत्त्व आहे.

आणि क्रम चुकला की काय होतं? पाय-कंबर गप्प राहिली, तर त्यांचं काम खांदा आणि कोपर यांच्यावर पडतं. घरात चार माणसं असताना सगळा स्वयंपाक एकीवरच पडावा, तसं. आज निभावतं, उद्या निभावतं, परवा ती आजारी पडते. त्या मुलीच्या कोपराचं हेच झालं होतं.

फेकीच्या सहा पायऱ्या

हे उजव्या हाताच्या मुलीसाठी सांगते. डावखुरी असेल तर उलटं समजा.

पहिली पायरी, चेंडू धरणं. चेंडू तळहातात मुठीनं आवळायचा नाही. बोटांत धरायचा. बेसबॉलवर लाल दोऱ्याची शिवण असते, १०८ जोडटाक्यांची. तर्जनी आणि मधलं बोट त्या शिवणीवर आडवी ठेवायची, अंगठा खाली. तळहात आणि चेंडू यांच्यात थोडी फट दिसली पाहिजे. हात लहान असेल तर वर तीन बोटं ठेवली तरी चालतं. शिवणीवर बोटं आडवी असली की चेंडू मागच्या बाजूला सरळ फिरत जातो आणि वाकडा पळत नाही.

दुसरी पायरी, उभं राहणं. जिकडं फेकायचं तिकडं तोंड करून उभं राहायचं नाही. आडवं उभं राहायचं. डावा खांदा नेमाकडे. दाराच्या फटीतून बाहेर जाताना आपण अंग चोरून आडव्या होतो, तसं. उजवं पाऊल आडवं ठेवून भार त्याच्यावर घ्यायचा.

तिसरी पायरी, पाऊल टाकणं. डावं पाऊल नेमाच्या दिशेनं पुढं टाकायचं. उजवा हात, डावं पाऊल. हे सगळ्यांत महत्त्वाचं आणि सगळ्यांत जास्त चुकणारं. पाऊल फार बाजूला पडलं तर चेंडूही बाजूला जातो. गुडघा थोडा वाकलेला असावा.

चौथी पायरी, हात. पाऊल पुढं जाताना दोन्ही हात पंखांसारखे उघडायचे. डावा हात नेमाकडे, उजवा मागं. उजवं कोपर खांद्याच्या रेषेत आलं पाहिजे, खाली लोंबायला नको. कोपरात काटकोन, आणि चेंडू डोक्यापेक्षा थोडा वर, मागच्या बाजूला.

पाचवी पायरी, वळणं आणि सोडणं. पाऊल जमिनीवर टेकलं की आधी कंबर नेमाकडे वळते, तिच्यामागून छाती, मग खांदा, आणि हात सगळ्यांत शेवटी येतो. जात्यावर बसून दळताना नुसत्या हातानं खुंटा ओढला तर हात भरून येतात, कंबरेतून झोका दिला की जातं फिरतं. तसंच इथं. त्याच वेळी डावा हात छातीशी ओढून घ्यायचा. चेंडू चेहऱ्याच्या थोडा पुढं सोडायचा, आणि सोडताना मनगट खाली झटकायचं. गोफणीतून खडा सोडायची वेळ चुकली तर तो आकाशात तरी जातो नाहीतर पायाशी पडतो. चेंडूचंही तसंच. उंच गेला तर लवकर सुटला, जमिनीत गेला तर उशिरा सुटला.

सहावी पायरी, हात पुढं जाऊ देणं. चेंडू सुटला म्हणून हात तिथंच थांबवायचा नाही. तो आडवा खाली, डाव्या गुडघ्याकडे जाऊ द्यायचा, आणि मागचं पाऊल आपोआप पुढं येऊ द्यायचं. भरधाव गाडीला एकदम ब्रेक लावला की आतली माणसं आपटतात. हात मध्येच थांबवला तर तो धक्का खांदा आणि कोपराला बसतो. हळूहळू थांबला तर पाठ, पोट, पाय तो वाटून घेतात.

सॉफ्टबॉलमध्ये पिचर खालून चेंडू टाकते, तिची पद्धत वेगळी. पण त्याच खेळात मैदानातून बेसकडे फेकायचं असतं, तेव्हा याच सहा पायऱ्या लागतात.

चूक ओळखायची कशी

आईला सगळा खेळ समजला नाही तरी चार गोष्टी दुरून बघता येतात.

एक, उजव्या हातानं फेकताना उजवंच पाऊल पुढं जातं का? दोन, कोपर खांद्याच्या खाली राहतं का, आणि मुलगी चेंडू फेकण्याऐवजी पुढं ढकलल्यासारखा करते का? तीन, छाती सुरुवातीपासूनच समोर आहे का? चार, चेंडू सुटल्यावर ती खांबासारखी ताठ थांबते का?

त्या मुलीचं पाऊल बरोबर पडत होतं. पण कोपर खाली राहत होतं, आणि फेकल्यावर हात हवेतच अडकत होता. शिवाय संघात तिचीच फेक सगळ्यांत लांब जायची, म्हणून रोज तिलाच पिचर करायचे. सुट्टी अशी नव्हतीच.

दुखणं सांगायचं, लपवायचं नाही

डॉक्टरांनी समजावलेली गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटली. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी कूर्चा असते. तिथूनच हाड वाढतं. ती पक्क्या हाडापेक्षा नाजूक असते. वारंवार जोराचा ताण पडला की तिला इजा होते. अमेरिकेत लहान पिचरच्या कोपराचं हे दुखणं इतकं दिसतं, की लिटल लीगच्या नावावरूनच त्याला नाव पडलं आहे. ते मुलामुलींत भेद करत नाही. म्हणून "पोरीचं हाड कच्चं" हे बोलणं चूक. वाढत्या वयात सगळ्यांचंच हाड कच्चं असतं.

यासाठी लिटल लीगमध्ये पिचरनं एका दिवसात किती चेंडू टाकायचे याची मर्यादा ठरवली आहे. ९-१० वर्षांच्या मुलांना ७५, ११-१२ वर्षांच्यांना ८५, आणि १३ ते १६ वर्षांच्यांना ९५. ६५ च्या वर टाकले, तर १४ वर्षांपर्यंतच्या मुलांना पुढचे चार दिवस पिचर म्हणून उतरवत नाहीत. या मोठ्यातल्या मोठ्या मर्यादा आहेत, एवढे टाकलेच पाहिजेत असं नाही.

आपल्याला मोजायची सवय आहे. आपण रुपया-रुपया वहीत लिहितो. तशीच मुलीच्या दप्तरात एक छोटी वही ठेवा. आज किती चेंडू टाकले, दुखलं का, कुठं दुखलं. सरांना ती वही दाखवा. बहुतेक सर ऐकतात, कारण चांगली खेळाडू जायबंदी होणं त्यांनाही नको असतं.

कोपर किंवा खांदा दुखला की त्या दिवशी फेकणं बंद. बाम लावून, पट्टी बांधून परत मैदानावर पाठवायचं नाही. दोन-चार दिवसांत थांबलं नाही, कोपर पूर्ण सरळ होत नसेल, सूज असेल, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. हात ओढून, चोळून बसवणाऱ्याकडे नेऊ नका.

अंगणातला सराव

चांगली फेक शिकायला महागडं सामान लागत नाही. जुन्या साड्यांच्या चिंध्या घट्ट गुंडाळून, वरून कापड शिवून चेंडू करा. आपल्या गटात शिवणाऱ्या बायका आहेतच. असा चेंडू हलका असतो, भिंत खराब करत नाही, कुणाला लागला तरी इजा होत नाही.

आधी थोडं पळायचं, हात गोल फिरवायचे, अंग गरम झालं की मगच फेकायचं. जमिनीवर खडूनं किंवा राखेनं एक सरळ रेघ ओढायची, भिंतीवरच्या खुणेपर्यंत. डावं पाऊल दर वेळी त्या रेघेवर पडलं पाहिजे. आधी चेंडूशिवाय नुसती हालचाल दहा वेळा, सावकाश. मग आठ-दहा पावलांवरून हळू फेक, पंचवीस-तीस वेळा पुरे. सगळ्या पायऱ्या जमल्या की मगच अंतर वाढवायचं. जोर सगळ्यात शेवटी.

आणखी एक युक्ती सरांनी दाखवली. चेंडूऐवजी हातात टॉवेलचं टोक धरायचं आणि फेकीची पूर्ण हालचाल करायची. हात शेवटपर्यंत गेला तर टॉवेल पुढं जाऊन फटका वाजतो. मध्येच थांबला तर वाजत नाही. मुलीला स्वतःच्या कानानं कळतं.

त्या ताईंच्या मुलीला डॉक्टरांनी सहा आठवडे फेकणं बंद करायला सांगितलं. जिल्ह्याचे सामने हुकले. ती खूप रडली. पण तिचं नाव संघातून काढलं नाही. त्या सहा आठवड्यांत ती पळाली, पायांचे व्यायाम केले. दुखणं पूर्ण थांबल्यावर डॉक्टरांना विचारून चिंध्यांच्या चेंडूनं अगदी पहिल्या पायरीपासून सुरुवात केली. संध्याकाळी भाकरी झाल्या की ताई अंगणात उभ्या राहतात आणि कोपर कुठं आहे तेवढंच बघतात. वडील अजून फार बोलत नाहीत. पण परवा भिंतीवरची खूण पुसट झाली होती, ती चुन्यानं परत त्यांनीच काढली.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत आपापल्या मुलींना घेऊन या. चिंध्या मी आणते. प्रत्येकीनं निदान एक चेंडू फेकून बघायचा, मुलीनंही आणि आईनंही. उजवा हात, डावं पाऊल, एवढं लक्षात ठेवा.

नमस्कार.